भुंग्याचं रविवारी बिघडणारं पोट

मुक्ताई पोकळे नवऱ्याला दुधी घालते आणि कुत्र्याला मटण, अशी धायरीतल्या ‘शिवारगंध’ सोसायटीत बोलवा होती. तोंडावर कुणी म्हणत नसे. लिफ्टचं दार बंद झालं की म्हणत. पुरावाही पक्का होता. दर शुक्रवारी सकाळी बाई स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो मटण आणते, हे पार्किंगपासून अकराव्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलेलं. आणि शुक्रवारीच दुपारी सर्जेराव, म्हणजे बाईंचे यजमान, खाली बाकावर येऊन बसत. “काय सर्जेराव, आज काय बेत होता?” असं कुणी विचारलं की लांब सुस्कारा सोडून ते सांगत, “दुधी.” घरात माणसं दोन, तिसरा भुंग्या. दुधी सर्जेरावांनी खाल्ला तर मटण गेलं कुठं? हे गणित सोडवायला कुणाला पेन्सिल लागली नाही.

भुंग्या म्हणजे नऊ वर्षांचा काळाकुळकुळीत गावठी कुत्रा. पांढरा केस औषधालासुद्धा नाही. अलीकडे हनुवटीवर दोनचार उगवले होते, पण ते वयाचे; जातीचे नव्हेत. त्याचा हा काळेपणाच पुढं त्याच्या जिवावर उठला. ते येईलच.

मुक्ताई सतराव्या वर्षी लग्न होऊन धायरीत आली तेव्हा धायरी गाव होतं आणि आज जिथं ‘शिवारगंध’चे दोन टॉवर उभे आहेत तिथं पोकळ्यांची ज्वारी उभी असायची. बिल्डरनं शिवार घेतलं आणि त्याचा गंध माहितीपत्रकावर छापला. पोकळ्यांना ए विंगमध्ये पहिल्या मजल्यावर घर मिळालं, आणि बांधावरची जुनी चिंच बिल्डरनं ‘ग्रीन झोन’ म्हणून राहू दिली. त्या चिंचेखाली लांब दोरीवर भुंग्या दिवसभर पडून असे. त्याच्या आधीची सहा कुत्रीही त्याच सावलीत पडून म्हातारी झाली होती. म्हणजे बघा, सोसायटीतल्या सगळ्या रहिवाशांत वारसाहक्कानं राहणारा तो एकटाच.

पन्नास वर्षं कुत्री सांभाळल्यावर माणसाला काही गोष्टी कळतात, त्या मुक्ताईला कळल्या होत्या. सोसायटीत कुणी नवीन पिल्लू आणलं की चार दिवसांनी ते घर गुपचूप तिच्या दारात यायचं. ताई, चप्पल खातंय. ताई, रात्रभर रडतंय. ताई, जवळ गेलं की गुरगुरतंय. मुक्ताई आधी चार शब्द सुनवायची, मग सांगायची.

“डोक्यावरनं हात न्यायचा न्हाई. तुमच्या टाळक्यावर कुनी अचानक हात आनला तर तुमी काय करता? मागं सरता न्हवं? मग त्यानं का गुरगुरू नये? आधी मूठ पुढं धरा, वास घिऊ द्या, मंग हनुवटीखाली खाजवा. आन चपला त्यानं खाल्ल्या न्हाईत, तुमी त्याला वाढल्यात. कपाटात ठिवा.”

उन्हाळ्यात अकराच्या उन्हात कुत्रं फिरवायला काढणाऱ्या एका पोराला तिनं गेटातच उभं केलं होतं आणि त्याचा उलटा तळहात डांबरावर टेकवला होता. पोरगं सातपर्यंत मोजायच्या आत ओरडलं. “ह्यो तुझा हात हाय,” मुक्ताई म्हणाली, “आन त्येचे चार हायेत. जा घरी.” पोरगं गेलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला फिरवायला लागलं. घरी आईला मात्र त्यानं सांगितलं की ए विंगमधली ती बाई जरा विचित्र आहे.

तर अशा बाईच्या कुत्र्याचं पोट बिघडायला लागलं. आणि तेही ठरवून, रविवारी.

पहिल्या रविवारी पहाटे भुंग्याला खाली नेईपर्यंत धीर निघाला नाही. लिफ्टसमोरच घाण झाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मुक्ताईनं स्वतः बादली-फडकं घेऊन फिनेलनं पुसून काढलं. भुंग्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. दुसऱ्या रविवारी पार्किंगमध्ये. तिसऱ्या रविवारी कुणाच्यातरी नव्या गाडीच्या चाकापाशी. दर वेळी पुसलं मुक्ताईनंच, पण पुसलेलं कुणी पाहत नाही, केलेलं सगळे पाहतात. पाचव्या रविवारी संध्याकाळी फलकावर सूचना लागली:

‘गेले पाच रविवार आपल्या आवारात पहाटे जे प्रदर्शन मांडले जाते, त्यास प्रवेशमूल्य नसले तरी ते पाहण्याची कोणासही इच्छा नाही. संबंधित प्राण्यास वाचता येत नसल्यामुळे ही सूचना त्याच्या मालकांनी वाचावी. मांसाहार कोणाला किती सोसतो याचे तारतम्य बाळगावे. अध्यक्ष.’

अध्यक्ष म्हणजे अभय तुळपुळे. विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बी विंग, चौथा मजला. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्याचा दांडगा नाद. अंधश्रद्धेविरुद्ध तर त्यांची इतकी पत्रं छापून आली होती की लिंबू-मिरचीवाले त्यांना पाहून रस्ता बदलत असतील. मुक्ताईनं फलकावरची सूचना टाचण्यांसकट काढली, पदर खोचला आणि चौथ्या मजल्यावर जाऊन बेल दाबली.

“ह्ये मांसाहार कुनाचं लिवलंय?”

“अहो, त्यात आपलं नाव कुठे आहे?” तुळपुळे चष्म्यावरून पाहत म्हणाले.

“न्हाई म्हनूनच इचारते. नाव लिवायची छाती नसंल तर लिवू ने मानसानं.”

“हे बघा, शास्त्र साधं आहे. शुक्रवारी मटण येतं. शनिवारी ते शिळं होतं. शिळं आपण त्याला घालता. रविवारी ते आम्हाला दिसतं. यात चुकीचं काही असेल तर सांगावं.”

“भुंग्यानं माझ्या घरात मटनाचं हाडूक चाटलं असंल तर माझी जीभ झडंल. मसाल्याचं एक शितसुदीक मी त्याला देत न्हाई. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, ठावं हाय का तुमच्या शास्त्राला?”

“उत्तम. मग मटण खातं कोण?”

 मुक्ताईनं चौकटीवरचा हात काढून घेतला. “त्ये तुमचं काम न्हाई,” ती म्हणाली. पण आवाजातली धार एवढीशी बोथट झाली होती, आणि आयुष्यभर विम्याचे दावे तपासलेल्या माणसाला ती बरोबर ऐकू आली.

“येत्या रविवारी अकराला सर्वसाधारण सभा आहे,” तुळपुळे गोड आवाजात म्हणाले. “हा विषय घेतला आहे. कायद्यानं आम्ही कुत्रा काढा असं म्हणू शकत नाही, याची जाणीव आहे. आम्ही फक्त आपल्या विवेकाला विनंती करू. सगळ्यांसमोर.”

आता मुक्ताईचं डोकं फिरलं. ज्या जमिनीवर हा माणूस फरशी टाकून उभा होता तिथं तिनं नांगरटीनंतर ढेकळं फोडली होती, आणि तिच्याच विवेकाला विनंती! “सभेची वाट बघू नका,” ती कडाडली. “येत्या रविवारी भुंग्याचं पोट बिघडलं, तर मी सोता त्याला वाघोलीला भाच्याकडं सोडून येते. पुन्यांदा तुमच्या नजरंला पडायचा न्हाई.”

बोलून गेली आणि जिन्यानं उतरताना तिसऱ्या मजल्यावर तिला वाघोली आठवली. वाघोलीच्या भाच्याचं सिमेंटच्या विटांचं यार्ड होतं. तिथली कुत्री दिवसभर साखळीला, ट्रकांच्या धुळीत. नऊ वर्षांचं कुत्रं तिथं किती महिने टिकेल हे तिला कुणी सांगायला नको होतं. घरी येऊन तिनं सर्जेरावांना सगळं सांगितलं.  बायपास करून घरी आल्यावर दीड महिना भुंग्या त्यांच्या पलंगाखालून हलला नव्हता.

“बोललीस?”

“बोलले.”

“सगळ्यांम्होरं?”

“त्येंच्या बायकूम्होरं. म्हंजी सगळ्यांम्होरंच.”

सर्जेराव उठले, भुंग्यापाशी जाऊन खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून बारशाच्या जेवणालासुद्धा खुर्ची मागणारा हा माणूस.

गुरुवारी मुक्ताईनं भुंग्याला रिक्षात घातलं आणि नऱ्ह्याला डॉक्टर मैत्रीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मैत्री तिशीतली, हात हलका, जीभ तिखट. तिनं भुंग्याचं पोट दाबून पाहिलं, तो कण्हला. रक्त तपासलं. मग हातमोजे काढत म्हणाली, “आजी, याला तेलकट काय घालताय?”

“तेल? अगं बाई, ह्येंच्या बायपासपासनं माझ्या घरात तेल चमच्यानं मोजतात!”

“मग दुसरं कुणीतरी घालतंय. एकदम एवढं तेल-तूप पोटात गेलं की कुत्र्याचं स्वादुपिंड सुजतं. आपल्याला वडे खाऊन जळजळ होते ना, तसलं हे नाही. सुरुवातीला उलट्या-जुलाब, तुम्हाला वाटतं पोट बिघडलं. पण असं परत परत झालं तर एक दिवस कुत्रं उठतच नाही. ह्याचं वय काय, नऊ? मग अजून एकदा झालं तर मी काही सांगू शकत नाही.”

मुक्ताईनं भुंग्याच्या कानामागं हात ठेवला. डॉक्टर लिहून देत होती: आज उपास, पाणी थोडं थोडं, उद्यापासून मऊ भात आणि उकडलेला लाल भोपळा, मीठ नाही. “आणि घरात नातवंडं येत असतील तर सांगून ठेवा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट यातलं काही त्याच्यापुढे नको. प्रेमानं भरवणारेच जास्त मारतात, आजी. वैऱ्याच्या हातचं कुत्रं हुंगतं तरी.”

रिक्षात बसल्यापासून मुक्ताईच्या डोक्यात वैरीच फिरत होते. नव्या गाडीवाला? रोज ‘भों भों बंद करा’ म्हणून फोन करणारी नवव्या मजल्यावरची? की तुळपुळे स्वतः? कुणीतरी मुद्दाम घालतंय. शुक्रवारी ती सबंध दिवस चिंचेखाली खुर्ची टाकून बसली, हातात कोयता नव्हता एवढंच. कुणी आलं नाही. भुंग्या भोपळा-भात खाऊन झोपला.

मग शनिवार उजाडला, आणि शनिवारी दुपारी पोळ्या लाटताना तिचा हात थांबला. पोट बिघडतं रविवारी. म्हणजे घालतात शनिवारी. आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा ती घरी नसते. गावातल्या मारुतीला तेल घालायला जाते, गेली कितीएक वर्षं. हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं.

पाच वाजता ती दर शनिवारसारखी तेलाची वाटी घेऊन निघाली. भुंग्याला चिंचेखाली बांधलं, गेटातून बाहेर पडली, भिंतीला वळसा घालून कचऱ्याच्या गाडीच्या फाटकातून आत आली आणि वॉचमनच्या केबिनमध्ये शिरली. वॉचमन गेनबा गावातलाच, साठीचा, पोकळ्यांच्या शेतावर एकेकाळी राबलेला. तिला बघून तो चहाचा कप घेऊन उभाच राहिला.

“बस खाली. आन त्यो बघ.”

भुंग्या उठला होता. अंग झटकलं, कान उभे केले, आणि बी विंगच्या लिफ्टकडं तोंड करून शहाण्या पोरासारखा बसला. लाळ गळत होती. कुत्र्याला वेळ कळत नाही म्हणणाऱ्यानं कुत्रं पाळलेलं नसतं. मुक्ताई गेटाबाहेर गेली की लिफ्ट उघडते, एवढं त्याला पाच आठवड्यांत कळलं होतं.

“गेनबा, कुनाची वाट बघतंय ह्ये?”

गेनबानं कप खाली ठेवला. “वैनी, मला शपथ घातलीया.”

“कुनी?”

“समद्यांनीच. परत्येकानं येगयेगळी.”

“मंग समद्यांच्या मोड,” मुक्ताई म्हणाली. गेनबाचा बांध फुटला. कुणी एक ज्योतिषी मोबाईलवर बोलतो. त्यानं सांगितलंय, साडेसाती चालू असेल तर अकरा शनिवार काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घाला. पण कुत्रा पूर्ण काळा हवा, पांढरा ठिपका चालत नाही. बाहेरच्या रस्त्यावरची सगळी कुत्री तांबडी नाहीतर कबरी. आख्ख्या परिसरात ठिपक्याशिवायचा काळा एकच. “पयल्यांदा सचिवबाई आल्या. मंग दुसऱ्या. परत्येकजन म्हनतो, काका, कुनाला बोलू नका. एकाला दुसऱ्याचं ठावं न्हाई. मला वाटलं, एक पोळी खाल्ल्यानं काय व्हतंय.”

“समद्या मिळून किती?”

“गेल्या शनवारी सात.”

मुक्ताईच्या हातातली वाटी कलली, तेल केबिनच्या फरशीवर सांडलं. वैरी हुडकत होती ती! विष घालणारा एक सापडला असता तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. इथं सात घरं, सात डबे, आणि प्रत्येकाच्या मनात पुण्य.

“भुंग्याला वर न्हे, ह्येंच्याजवळ बांध,” ती म्हणाली, “आन येताना माझी मोठी परात आन. चिंचंखाली ठिव. कुनी इचारलं तर म्हन, कुत्रं वर गेलंय, परातीत ठिवा, आलं की खाईल. माझं नाव काढलंस तर बघ.”

गेनबानं तसंच केलं, आणि ती केबिनमधल्या रजिस्टरांच्या मागं स्टुलावर बसली.

साडेपाचला लिफ्ट उघडली. सोसायटीची सचिव ऋतिका, हिंजवडीला नोकरी, हातात चौकोनी डबा. “गेनबाकाका, भुंग्या कुठेय? सॅटरडे आहे ना आज!”

“वर गेलाय ताई. परातीत ठिवा.”

“पण त्यानंच खायला हवं हां. दुसऱ्या कुणी खाल्लं तर काउंट होत नाही. माझा सहावा आहे हा. ब्रेक झाला तर परत पहिल्यापासून!” तिनं चकचकीत पराठा परातीत ठेवला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि फोन पाहत गेली. याच मुलीनं गेल्या मंगळवारी भुंग्याला लिफ्टमध्ये पाहून ‘ओह गॉड, हायजीन!’ म्हणत जिना पकडला होता.

मग नव्या गाडीवाला आला. मग नवव्या मजल्यावरची, जिला भुंकणं सहन होत नाही. एकजण स्कूटर चालूच ठेवून पोळी टाकून गेला, जसं टोलनाक्यावर सुट्टे पैसे टाकावेत. मुक्ताई प्रत्येक पोळीगणिक पदराचं टोक चावत होती. बाहेर जाऊन एकेकाची मानगूट धरावी असं सहा वेळा वाटलं, सहा वेळा ती बसून राहिली.

सहाला पाच मिनिटं असताना सातवा आला. झब्बा इस्त्रीचा, चप्पल आवाज न करणारी, हातात वर्तमानपत्राची पुडी. त्यानं आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं, मग वर गॅलऱ्यांकडं. परातीतल्या सहा पोळ्या पाहून तो दचकला. क्षणभर विचारात पडला. मग आपली सातवी त्यांच्यावर अलगद ठेवली आणि, कसं सांगावं, परातीला हात जोडले.

“गेनबा,” अभय तुळपुळे हलक्या आवाजात म्हणाले, “हे आपल्यातच राहू दे.”

रविवारी सकाळी पार्किंग आरशासारखं होतं. भुंग्यानं रीतसर गेटाबाहेर, नेहमीच्या खांबापाशी, नेहमीसारखं काम उरकलं. मुक्ताई तिथंच उभी राहून आकाशाकडं पाहत होती, आणि सर्जेराव, कुत्र्याच्या शीकडं पाहून डोळे पुसणारे बहुधा धायरीतले पहिलेच गृहस्थ.

अकराला क्लबहाउसमध्ये सभा भरली. भुंग्याचा विषय निघाला तेव्हा तुळपुळ्यांनी घसा साफ केला. आज सकाळी काही घडलं नाही याचं आपणास समाधान आहे, पण एका रविवारचा पुरावा म्हणजे पुरावा नव्हे. मूळ प्रश्न आहाराचा आहे. प्राण्यास मांसाहार…

“प्रश्न आहाराचाच हाय,” मुक्ताई मागून म्हणाली. ती पुढं आली आणि टेबलावर, अध्यक्षांच्या कागदांवरच, परात ठेवली. वरचं फडकं काढलं. रात्रभरात पोळ्यांचं तेल परातीच्या तळाशी साचलं होतं. खोलीत खवट तेलाचा भपकारा पसरला.

“हे काय आहे?” कुणीतरी विचारलं.

“कालचं, शनवारचं भुंग्याचं जेवान. माझ्या घरचं न्हाई. तुमच्या घरचं.” तिनं वरची पोळी दोन बोटांत उचलली. तेलाचे थेंब सूचनांच्या फाइलवर पडले. “ही घडीची. तीन पदर सुटलेत, काठ मऊ. अशी पोळी ह्या सोसायटीत एका घरी व्हती. गौरीच्या जेवनाला मी खाल्लीया, लई चांगली व्हती. तवा तेल कमी व्हतं.”

तुळपुळ्यांच्या बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. ते पाहणं असं होतं की तिथं कुत्रा असता तर टेबलाखाली गेला असता.

“हा विकतचा पराठा, पिशवीतनं काढून गरम केलेला. कडा कशा यंत्रानं कापल्यासारख्या. ही फुलका करायला गेली आन पापड झाली, ही नवव्या मजल्यावरची, सैपाकाची बाई शनवारी रजेवर असती. बाकीच्या सांगू?”

 चाळीस माणसं आपापल्या चपला निरखत होती. “एकेक पोळीनं काय होतंय, आजी?” नव्या गाडीवाला शेवटी कुरकुरला.

“एकेक!” मुक्ताई उसळली. “डाक्टरीन म्हनली, अजून एकदा झालं तर कुत्रं उठायचं न्हाई. तुमी समदे एकेकच. एकेक पोळी, एकेक शपथ, एकेकाचं पुन्य. आन मंग सातीजनांनी मिळून फलकावर सूचना! तुमची साडेसाती तुमी त्याच्या पोटात घातली. त्यानं ती भायेर टाकली, तर त्याला वाघोलीला धाडायला निघालात?”

“याला भूतदया म्हणतात, मुक्ताई,” तुळपुळे म्हणाले. आवाजाला इस्त्री होती पण घडी मोडली होती.

“भूतदया फकस्त शनवारी साडेपाचला येती व्हय? मंगळवारी त्येच भूत लिफ्टमदी शिरलं की नाकाला रुमाल!”

“आपणही दर शनिवारी मारुतीला तेल घालताच की.”

“घालते. मारुतीचं पोट बिघडत न्हाई.”

इथं कुणीतरी हसलं, आणि मग थांबवता येईना. हसण्यात ऋतिका मात्र नव्हती. ती उठून पुढं आली. तिच्या कंपनीत दर शुक्रवारी दहा-दहा माणसं काढत होते, आईनं तो ज्योतिषी पाठवला होता, आणि आपण काय करतोय हे तिनं एकदाही स्वतःला नीट विचारलं नव्हतं, असं सगळं ती भरभर बोलली. “आजी, आय अ‍ॅम सो सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं. तो आवडतो मला.”

“आवडतो तर नीट कर काय करायचं त्ये,” मुक्ताई म्हणाली. राग उतरला नव्हता, पण बाजूला सरकला होता. “शनीला काळ्या कुत्र्याची सेवा पाह्यजे न्हवं? मंग करा की. खायला कायबी आनायचं न्हाई. येक कन न्हाई. त्याची गोचिडं काढायची. पायाच्या बोटांमदी, कानाच्या घडीत, शेपटाच्या बुडाशी. चिमट्यानं पार कातडीपाशी धरायचं, सरळ वर वढायचं. पिळायचं न्हाई, न्हाईतर मुंडकं आत ऱ्हातं. तेल, काडी, रॉकेल कायबी लावायचं न्हाई. काढलं की साबनाच्या पान्यात. अकरा शनवार करा, तुमचाबी ग्रह सुटंल, त्याचाबी.”

भुंग्याचा विषय सभेच्या कामकाजातून काढून टाकण्यात आला, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी फलकावर ‘दिनांक अमुकची सूचना मागे घेण्यात येत आहे’ एवढीच ओळ लागली. मुक्ताईनं ती मोठ्यानं वाचली आणि गेनबाला विचारलं, “‘चुकलो’ लिवायला शाई संपली का रं ह्येंची?” तिला त्या ओळीचा राग आजही येतो, आणि यावाच.

पण शनिवारी साडेपाचला चिंचेखाली बघायला जावं. ऋतिका येते, पंजे करते. नव्या गाडीवाला कान करतो. आणि सहाला पाच मिनिटं असताना अभय तुळपुळे वाचायचा चष्मा लावून, साबणपाण्याचा कप शेजारी ठेवून, शेपटाच्या बुडाशी वाकलेले असतात.

“सरळ वढा,” मुक्ताई खुर्चीवरून ओरडते. “पिळू नका म्हनलं ना!”

“ओढतोच आहे. आपण जरा शांत बसाल का?”

“अकरा शनवार झाले तुमचे. अजून कशाला येता?”

“साडेसाती साडेसात वर्षं असते,” तुळपुळे चिमट्यावरची नजर न काढता म्हणतात. “गणित साधं आहे.”

भुंग्या डोळे मिटून पडलेला असतो. त्या सभेनंतर त्याचं पोट एकदाही बिघडलेलं नाही.

आता मटणाचं. सर्जेरावांना बायपासनंतर डॉक्टरांनी मटण बंद केलं आहे. भुंग्याला मसाल्याचं काही मिळत नाही. शुक्रवारचं अर्धा किलो मटण मुक्ताई स्वयंपाकघराचं दार लावून एकटी खाते.